पांढरा कोंबडा, काळा पँथर

अलाबामा राज्यातल्या लाउन्ड्स काउंटीत ८ नोव्हेंबर १९६६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी खरी लढत दोन प्राण्यांची होती. एका पक्षाच्या नावावर पांढरा कोंबडा, दुसऱ्याच्या नावावर काळा पँथर. कोंबडा डेमोक्रॅटिक पक्षाचा. त्या राज्याची सत्ता पिढ्यान्‌पिढ्या याच पक्षाच्या घरात नांदत आलेली. पँथर लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशनचा; या पक्षाला अजून वर्षही पुरे झाले नव्हते आणि त्याचा पसारा एका काउंटीपलीकडे नव्हता.

आपल्याकडे रसग्रहण करायचे ते कवितेचे, अशी रीत आहे. निवडणूक चिन्हाकडे त्या नजरेने कुणी पाहत नाही. ते पाहावे असे मला फार वाटते, कारण चिन्हाला कवितेपेक्षाही थोडक्यात बोलावे लागते, आणि ते बोलते कुणाशी, तर ज्याला अक्षर ओळखू येत नाही त्याच्याशी. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह होते: बैलजोडी, झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराने चित्र पाहायचे आणि कागद त्या पेटीत टाकायचा. अलाबामाच्या कायद्यातही याच कारणाने प्रत्येक पक्षाला चिन्ह घेणे भाग होते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की अलाबामात निरक्षरतेचा उपयोग माणसांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी केला गेला होता. वाचता येते का, घटनेचे हे कलम समजावून सांगता येते का, असल्या परीक्षा कृष्णवर्णीयांसाठी होत्या. परीक्षा घेणारा गोरा अधिकारी, पास-नापास ठरवणाराही तोच.

आधी कोंबडा पाहू.

अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे हे चिन्ह विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आले. गाढव हे त्या पक्षाचे देशभर गाजलेले चित्र. तरी कित्येक राज्यांत मतपत्रिकेवर कोंबडाच असे. अलाबामाच्या कोंबड्याची गोष्ट वेगळी ती त्याच्याभोवतीच्या शब्दांमुळे. वर फीत, तिच्यावर लिहिलेले: गोऱ्यांचे वर्चस्व. खाली आणखी एक ओळ, तिचा आशय असा की हे सारे न्यायाच्या बाजूने आहे. सभेत बोलायची, कुजबुजीत सांगायची किंवा आडून सुचवायची गोष्ट मतपत्रिकेवर छापलेली, सरकारी कामकाजाच्या कागदावर. १९०१ साली अलाबामाने नवी राज्यघटना केली. तिच्या घटनासमितीचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी आपला हेतू उघड सांगितला होता: देशाच्या घटनेच्या चौकटीत राहून गोऱ्यांची सत्ता कायद्याने कायम करायची. कोंबड्यावरची फीत म्हणजे त्या भाषणाचे चार-दोन शब्दांत केलेले बोधवाक्य.

शब्द बाजूला ठेवून नुसता पक्षी पाहिला तर काय दिसते? तुरा ताठ, उभे राहणे ऐटीचे. तो कुठे चाललेला नाही, कुणावर झेप घेत नाही, कुणाला भीत नाही. चित्रात त्याच्यासमोर दुसरे कुणी नाहीच. कोंबडा हा अंगणाचा धनी. अंगणातल्या बाकीच्या जिवांनी आपल्याला मानावे यासाठी त्याला फारसे काही करावे लागत नाही, उभे राहिले की पुरते. चित्रकाराचे कौशल्य मोठे नाही, पण निवड अचूक आहे. मालकी आधीच मिळालेली आहे आणि ती पुढेही राहणार आहे, ही खात्री त्या उभे राहण्यात आहे. जिंकायचे काही उरले नाही असे वाटणाऱ्या सत्तेने आपले चित्र कसे काढावे, याचा हा नमुना. आणि रंग पांढरा. ज्याला फीत वाचता येत नव्हती त्या गरीब गोऱ्या मतदाराला रंगाने सांगितले, आणि ज्या काळ्या माणसाला मतदान केंद्राच्या पायरीवरही चढू दिले जात नव्हते त्यालाही रंगानेच सांगितले.

लाउन्ड्स काउंटीत ही खात्री निराधार नव्हती. सेल्मा आणि मॉन्टगोमेरी या दोन शहरांमधला हा मुलूख, काळ्या जमिनीचा, कापसाचा. लोकसंख्येत पाचांपैकी चार माणसे कृष्णवर्णीय. जमीन मात्र जवळपास सगळी, नव्वद टक्क्यांच्या घरात, ८६ गोऱ्या कुटुंबांच्या मालकीची. १९६५ साल उजाडले तेव्हा मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. उलट गोऱ्या मतदारांची नोंदणी शंभर टक्क्यांहून वर गेलेली. वारलेली आणि गाव सोडून गेलेली माणसेही यादीत मुक्कामाला होती. लोक या काउंटीला ‘रक्ताळलेले लाउन्ड्स’ म्हणत. तिथे अंगण खरेच कोंबड्याचे होते.

मग १९६६ च्या जानेवारीत एक गमतीची नव्हे, फार बोलकी गोष्ट घडली. पक्षाच्या राज्य समितीने फितीवरचे शब्द बदलले. ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ गेले, त्या जागी ‘डेमोक्रॅट्स’ आले. कोंबडा तसाच राहिला. कारण उघड होते. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला, साक्षरतेच्या परीक्षा बंद पडल्या, केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी लाउन्ड्समध्ये येऊन बसले. या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचेच. आणि त्याला आडवे पडलेले अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तेही त्याच पक्षाचे. एकाच पक्षाच्या पोटात दोन श्रद्धा नांदत होत्या. वॉशिंग्टनच्या डोळ्यांना खुपणारे शब्द मॉन्टगोमेरीने काढून टाकले, एवढाच काय तो समेट.

मला या दुरुस्तीकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. शब्द काढल्यावर चित्राचा अर्थ बदलतो का? साठ वर्षे एका पक्ष्याने एक वाक्य उच्चारले. मग त्याच्या चोचीतले वाक्य काढून घेतले, पण पक्षी त्याच जागी, त्याच ऐटीत. ज्यांनी ते वाक्य सोसले होते त्यांना ते त्या बदललेल्या फितीवरही दिसत राहणार. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. इथे कोंबडे उघडेच होते, झाकले होते ते त्याचे आरवणे.

लाउन्ड्समधल्या नव्या मतदारांपुढे प्रश्न होता तो हा. मतदानाचा हक्क तर मिळाला, आता मत द्यायचे कुणाला? पुष्कळ जाणत्यांचे म्हणणे होते की डेमोक्रॅटिक पक्षातच शिरावे, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या त्याच्या प्राथमिक निवडणुकीत त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराला बळ द्यावे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचा कलही तिकडे होता. त्यात व्यवहार होता, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पण लाउन्ड्सचे जॉन हूलेट आणि त्यांच्या बरोबरीने काम करणारे विद्यार्थी संघटनेचे, म्हणजे ‘स्निक’चे, तरुण कार्यकर्ते यांना तो मानवेना. त्या तरुणांतल्या स्टोकली कार्माइकलने दिलेली उपमा जहाल होती: काळ्यांना या पक्षात जायला सांगणे म्हणजे ज्यूंना नाझी पक्ष सुधारायला पाठवणे. उपमा सोडली तरी मुद्दा उरतोच. ज्या चित्राखाली आपल्याला माणसातून उठवले गेले, त्याच चित्राखाली फुली मारून आपण माणसात कसे यायचे?

वाट सापडली ती कायद्याच्याच पुस्तकात. स्निकचे संशोधक जॅक मिनिस यांनी अलाबामाचे कायदे चाळून दाखवून दिले की एका काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. अट अशी की प्राथमिक निवडणुकीच्या दिवशीच स्वतःची सभा घेऊन उमेदवार निवडायचे, आणि पुढे सार्वत्रिक मतदानात वीस टक्के मते मिळवली की पक्षाला कायम मान्यता. आणि हो, चिन्ह हवे. गरीब गोऱ्यांना मत देता यावे म्हणून लिहिलेले ते कलम आता ज्यांना शाळेची पायरी दिसू दिली नव्हती त्या काळ्या बटईदारांच्या कामी आले.

चिन्ह काढायचे काम आले स्निकच्या रूथ हॉवर्ड यांच्याकडे. त्यांनी आधी सुचवले कबूतर. ते कुणाला पटले नाही. मग त्यांना अटलांटातल्या क्लार्क कॉलेजचा पँथर आठवला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या त्या कॉलेजच्या खेळाडूंचे ते चिन्ह होते. स्निकच्याच डोरोथी झेलनर यांनी त्यावरून रेखाटन पक्के केले.

कबूतर का नाकारले, हे समजून घ्यायला फार खोलात जावे लागत नाही. कबूतर आणि कोंबडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन पक्षी, दोन्ही पांढरे असायचे. एक डौलदार, दुसरे त्याच्याच कुळातले, पण मऊ, दयेची याचना करणारे. मतपत्रिकेवर ते कोंबड्याचे गरीब नातेवाईक दिसले असते. अहिंसेच्या चळवळीला कबूतर शोभले असते असे कुणी म्हणेल. पण ही निवडणूक होती, आणि निवडणुकीत समोरच्याच्या पंगतीला बसायचे तर त्याच्या ताटातले उष्टे मागून चालत नाही. रूथ हॉवर्ड यांनी पक्षिकुळच सोडले, हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सर्जनशील क्षण वाटतो. कोंबड्याला प्रत्युत्तर दुसऱ्या पक्ष्याने दिलेच नाही. अंगणाबाहेरचा प्राणी आणला.

आता पँथर पाहू. तो जवळपास पूर्ण काळा भरलेला आकार आहे. डोळा, दात, मिश्या एवढ्यापुरता कागद मोकळा सोडलेला. शरीर लांब ताणलेले, पाय पुढे, नखे बाहेर, शेपटीला वळण. कोंबड्याच्या चित्रात हालचाल नाही. इथे हालचालीखेरीज काही नाही. कोंबडा उभा असतो, पँथर निघालेला असतो. शिवाय हे चित्र स्वस्त छपाईला, सायक्लोस्टाइलच्या शाईला, भिंतीवरच्या ब्रशला, शाळकरी पोराच्या कोळशालाही न बिघडता उतरते. गरिबाच्या पक्षाला असे चित्र लागते.

रंगाचे तर काय सांगावे. चित्रकाराने काळा रंग वापरला, कारण प्राणी काळा. पण ज्या समाजात काळे असणे हाच गुन्हा ठरवला होता, तिथे कागदावर एवढा मोठा काळा भाग, अभिमानाने, मध्यभागी. फिती-बितीची गरज उरली नाही. पक्षाच्या पत्रकांवर पँथरसोबत ओळ येई ती एका माणसाला एक मत या मागणीची. कोंबड्याच्या फितीवरचे वाक्य आणि पँथरखालचे हे वाक्य एकमेकांसमोर ठेवले की दोन पक्षांच्या श्रद्धांची तुलना संपते. एक म्हणतो, आम्ही वर. दुसरा ‘आता आम्ही वर’ असे म्हणत नाही. तो मोजणीची मागणी करतो: सगळ्यांना सारखे मोजा. पँथरचे रूप उग्र आहे, मागणी मात्र अंकगणिताची आहे.

हूलेट यांनी या प्राण्याचा अर्थ लोकांना सांगितला तो ऐकण्यासारखा. त्यांच्या सांगण्याचा सार असा: हा हिंस्र प्राणी खरा, पण तो आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, त्याला रेटत गेलात तर मागे सरतो, आणखी मागे सरतो, अगदी कोपऱ्यात जाईपर्यंत सरतो, आणि मग बाहेर येतो तेव्हा समोर जे असेल त्याची धडगत नसते. या स्पष्टीकरणाने चित्राला एक न काढलेली चौकट मिळते. कागदावर फक्त झेप आहे. झेपेच्या आधीचे मागे सरणे, तो कोपरा, हे पाहणाऱ्याने मनाने भरायचे. चांगल्या चित्रात जे काढलेले नसते तेही असेच बोलत असते.

आणि लाउन्ड्सच्या माणसाला तो कोपरा भरायला कल्पना लढवावी लागत नव्हती. २५ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा संपला, त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना याच काउंटीत हमरस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. २० ऑगस्टला हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी जोनाथन डॅनियल्स या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याचा खून झाला. मारणारा ज्युरीपुढे निर्दोष सुटला, ज्युरी सगळी गोऱ्यांची. नाव नोंदवले म्हणून बटईदारांना जमिनीवरून, पिढ्यांच्या खोपटांतून हाकलले. डिसेंबरात हमरस्त्यालगत त्यांच्यासाठी तंबू उभे राहिले, आणि त्या तंबूंवरही रात्री गोळ्या झाडल्या जात. लोक घरात बंदूक ठेवत, आलेल्या कार्यकर्त्यांची राखणही करत. मागे सरायला जागा उरली नव्हती. चित्र अतिशयोक्त नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

पँथरचे रसग्रहण मात्र त्या एका चित्रावर थांबवले तर अपुरे राहील. त्याच्या पोटात काय होते, ते स्निकच्या छोट्या चित्रपुस्तिकांत आहे. शेरीफचे काम काय, कर आकारणारा काय करतो, कर वसूल करणारा काय करतो, कॉरोनर कशासाठी असतो, शिक्षण मंडळाच्या हातात काय असते, हे साध्या रेघांच्या चित्रांतून आणि मोजक्या शब्दांतून सांगितलेले. ज्यांनी शेरीफ म्हणजे दारावर बुटाची लाथ एवढेच पाहिले होते, त्यांना या पुस्तिका सांगत होत्या की हे पद तुमच्या मतातून येते, त्याची कर्तव्ये अशी आहेत, आणि तुमच्यातला कुणीही ते सांभाळू शकतो. मी या पुस्तिकांना पँथरच्या चित्राइतकेच मोठे मानतो. मुखपृष्ठावर झेप आणि आत नागरिकशास्त्राचा पाठ. फार थोड्या पक्षांचे चिन्ह आणि कार्यक्रम एकमेकांना असे पूरक ठरतात. चिन्ह भीती घालवते. पुस्तिका कामाला लावते.

कार्यक्रमही तसाच जमिनीवरचा. कर आकारणीच्या जागेसाठी उभ्या राहिलेल्या अ‍ॅलिस मूर यांचे भाषण फार आटोपशीर असे: श्रीमंतांवर कर बसवायचा, गरिबांच्या पोटात घालायचे. ८६ कुटुंबांकडे बहुतेक जमीन असलेल्या काउंटीत एवढे वाक्य पुरेसे क्रांतिकारक होते, आणि त्यासाठी कुठलाही नवा कायदा करावा लागत नव्हता. असलेला कर इमानाने आकारला तरी झाले असते.

३ मे १९६६. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक त्याच दिवशी. त्या पक्षाने काउंटीतल्या उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशेवर नेऊन ठेवली होती. काळ्या उमेदवाराने आत येऊ नये म्हणून यापेक्षा सरळ पाटी कुठली? नव्या पक्षाने आपल्या लोकांना तिकडे फिरकू नका म्हणून सांगितले. कोर्टाच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर सभा घेऊ दिली गेली नाही, तेव्हा जवळच्याच बॅप्टिस्ट चर्चमध्ये सुमारे नऊशे माणसे जमली आणि त्यांनी सात जागांचे उमेदवार निवडले. शेरीफसाठी सिडनी लोगन. बहुतेकांचे हे आयुष्यातले पहिले मत. पहिले मत दिले ते आपल्याच माणसाला, आपल्याच चित्राखाली, देवळात द्यावे तशा जागी. त्याच दिवशी कोंबड्याच्या बाजूने गव्हर्नरपदाची उमेदवारी जिंकली लर्लीन वॉलेस यांनी, म्हणजे जॉर्ज वॉलेस यांच्या पत्नीने. राज्याच्या घटनेनुसार नवऱ्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते.

नोव्हेंबरात पँथरचा प्रचार अगदी साधा होता: पँथरवर खूण करा आणि घरी जा. बाकी नावे वाचत बसायचे कारण नाही. चिन्हाचे सारे सामर्थ्य या एका सूचनेत आहे. पण त्या दिवशी जमीनदारांनी आपल्या शेतावरच्या मजुरांना ट्रकात भरून केंद्रावर आणले, आणि त्या मजुरांनी कोंबड्यावर खूण केली; ज्याच्या जमिनीवर झोपडे आहे त्याच्या नजरेसमोर झेप घेणे सोपे नसते. सातही उमेदवार पडले. त्यांना साधारण सोळाशेच्या आसपास मते, विरोधकांना बावीस-तेवीसशे. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. वीस टक्क्यांची अट केव्हाच मागे पडली होती. पक्ष कायद्याने पक्ष झाला.

वृत्तपत्रांनी या पक्षाचे नाव कधी धड लिहिले नाही. त्यांनी लिहिले ‘ब्लॅक पँथर पार्टी’. कार्माइकल विचारत असे की मग समोरच्यांना पांढऱ्या कोंबड्याची पार्टी का म्हणत नाही? प्रश्न नेमका आहे. त्या मतपत्रिकेवर दोन प्राणी होते. पत्रकारांना एकच दिसला. कोंबडा इतका सवयीचा झाला होता की तो चिन्ह आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते, साठ वर्षे त्याच्या डोक्यावर लटकलेली फीत तर नाहीच नाही. जुन्या सत्तेचे चिन्ह दिसेनासे होते आणि नव्या मागणीचे चिन्ह भयंकर दिसते, हा वाचनाचा दोष मला चित्रातल्या कुठल्याही दोषापेक्षा गंभीर वाटतो. पँथर पाहून जे घाबरले त्यांनी मजकूर वाचला असता तर त्यांना एका माणसाला एक मत एवढेच सापडले असते.

तरी चित्रकाराच्या हातून सुटलेले चित्र मग त्याच्या ताब्यात राहत नाही, हेही मान्य करायला हवे. मतदानाच्या आधीच, ऑक्टोबर १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हा पँथर उचलला. तिथे तो बंदुकीच्या आणि काळ्या जाकिटांच्या सोबतीने जगभर गेला, इतका की मूळ पँथर मतपत्रिकेवर जन्मला होता हे लोक विसरले. ओकलंडच्या पँथरचे काम मोठे होते, मुलांच्या सकाळच्या न्याहारीपासून दवाखान्यांपर्यंत पोहोचलेले. मला ते कमी लेखायचे नाही. पण लाउन्ड्सच्या चित्रातला तो न काढलेला कोपरा, ती मागे सरण्याची सहनशीलता, ओकलंडच्या भित्तिचित्रांत विरळ होत गेली. झेप तेवढी राहिली.

लाउन्ड्समध्ये १९७० साली जॉन हूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. तोवर त्यांचा पक्ष राज्यभरच्या नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ अलाबामामध्ये सामील झाला होता आणि मतपत्रिकेवर पँथरच्या जागी गरुड आला होता. गरुड हे अमेरिकेच्या नाण्यांवरचे, शिक्क्यांवरचे चित्र. आम्ही याच देशाचे, असे तो सांगत होता. राजकारण म्हणून ही निवड शहाणपणाची. चित्र म्हणून मला ती फिकी वाटते. पँथर लोकांनी स्वतः निवडला होता. गरुड आयता होता. पण ज्या काउंटीत पाच वर्षांपूर्वी एकाही काळ्या माणसाचे नाव यादीत नव्हते, तिथे काळा शेरीफ बसला, आणि त्या खुर्चीपर्यंत माणसांना चालत आणले ते पँथरने.

आपल्याकडे पँथर आला तो १९७२ च्या मे महिन्यात, मुंबईत, ‘दलित पँथर’ या नावाने. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सोबती. इलायापेरुमल समितीच्या अहवालाने दलितांवरच्या देशभरच्या अत्याचारांची नोंद संसदेपुढे ठेवली होती. गावोगावच्या बहिष्काराच्या आणि विटंबनेच्या बातम्या येत होत्या. आणि बाबासाहेबांच्या मागे उभा राहिलेला रिपब्लिकन पक्ष गटागटांत फुटत चालला होता. मतपत्रिकेवर आंबेडकरी चळवळीचा प्राणी आधीच होता, हत्ती. दलित पँथरने त्याला मतपत्रिकेवर आव्हान दिले नाही. तो रस्त्यावर उभा राहिला. नाव ओकलंडच्या मार्गाने आले, पण आशय पाहिला तर तो लाउन्ड्सच्या जास्त जवळचा आहे असे मला वाटते: जमीन दुसऱ्याची, वस्ती गावाबाहेर, न्याय मागायचा तर ज्याच्या विरुद्ध तक्रार त्याच्याच पंचांकडे. कोपऱ्याचे वर्णन भाषांतर न करता कळेल, असा तो मुलूख.

मग जानेवारी १९७४ मध्ये मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने अत्याचारांकडे पाठ फिरवणाऱ्या पक्षांना धडा म्हणून मतदानावर बहिष्कार पुकारला, आणि ५ जानेवारीच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली. लाउन्ड्सच्या पँथरनेही बहिष्कार घातला होता, ३ मे १९६६ ला, कोंबड्याच्या प्राथमिक निवडणुकीवर. पण त्याच दिवशी, तिथून हाकेच्या अंतरावर, त्याची स्वतःची सभा भरली होती, सात उमेदवार निवडले जात होते, आणि सहा महिन्यांनी मतपत्रिकेवर त्याचा स्वतःचा रकाना यायचा होता. वरळीच्या पँथरने तोडीचा नकार दिला, किंमतही रक्ताने मोजली. ज्यावर खूण करून घरी जावे, असे स्वतःचे चित्र मात्र त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर त्याच्या लोकांना मिळाले नाही.